उच-कायिंग नावाखाली

तेमिरकुलची लेक ओशहून फोन करते.
"आता," म्हणते. त्यांच्याकडे बापाला आता म्हणतात.
"ग्रंथालयात आपल्या गावाचं नाव टाकून पाहिलं,
उच-कायिंग. अकरा शोधनिबंध निघाले."

तेमिरकुल जीपच्या बॉनेटवर कोपर टेकतो.
सत्तावीस उन्हाळे याच जीपमधून
ही माणसं त्याने घाटावर चढवली,
ओकाऱ्या काढणारी, पेट्या छातीशी धरलेली.
"वाच. सावकाश वाच,
इथे रेंज वाऱ्याच्या मर्जीवर असते."

पहिला वरच्या हिमतळ्याचा,
बांध किती वर्षं तग धरेल याचं गणित.
"तो तांबड्या दाढीचा. घड्याळ पडलं त्याचं तळ्यात.
ते लिहिलंय?"
नाही लिहिलेलं.

दुसरा घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा.
त्यातल्या एका जिवाणूला गावाचं नाव दिलंय,
पुढे शेपटीला आकडा.
"आईच्या बुधल्यातला तो. ती बाई नको नको म्हणत
चौथी वाटी मागत होती."
बुधला अजून खुंटीला आहे, वाळून कडक झालेला.

तिसरा मार्मोटच्या अंगावरच्या पिसवांवर.
चौथा पूल: गोठत्या थंडीत काँक्रीट कसं तडकतं.
"पूल थंडीने नाही तडकला,
अर्धं सिमेंट बाजारात विकलं गेलं.
पण आकृत्या चांगल्या असतील."
"सुंदर आहेत, आता."

पाचव्यात एक ग्रॅनाइट आहे,
गुलाबी ठिपक्यांचा, त्यालाही हेच नाव.
तेमिरकुल खदखदून हसतो.
दगड चाळीस किलोमीटर पलीकडच्या दरीतला,
जिथे गावच नाही.
येताना पंख्याचा पट्टा तुटला, इथे चहा झाला,
आणि त्यांना एक नाव हवं होतं.

सहावा जुनिपरच्या वलयांचा. सातवा,
आठवा आणि नववा वारा खाऊन टाकतो.

दहावा ऐकू येतो: शाळेच्या कोठीत
पुरलेलं भूकंपमापक. मधल्या सुट्टीत
रेघ थरथरते म्हणे, पोरं धावतात म्हणून.
ती थरथर वजा करायची रीत त्यांना सापडली.
"पोरं वजा केली?"
"कागदावर."
आणि शेवटी, बारीक अक्षरात:
सतरा फेब्रुवारी, पहाटे तीन वाजून बारा मिनिटं,
एक धक्का, लहान, एकटाच.
भूकंप नव्हे. हिमकडा नव्हे.
उगम अज्ञात.

उच म्हणजे तीन. कायिंग म्हणजे भूर्ज.
शाळेमागे दोन उभे आहेत.

त्या पहाटे सायरागुलने त्याला कोपराने ढोसलं होतं,
ऊठ, काहीतरी आडवं झालं.
बर्फ असेल, म्हणत त्याने कूस बदलली.
सकाळी सारा गाव झाडाभोवती जमला,
ती मात्र त्याच्याकडे बघत होती,
झाडाकडे नाही.

"अकरावा?"
"सौर पंप."
"भूर्जावर एकही नाही?"
"नाही."

जीपच्या कप्प्यात त्या झाडाची साल आहे,
पापुद्रा पापुद्रा सुटलेली. टायरचे, डिझेलचे,
कोणाकडून किती येणं आहे त्याचे हिशेब तो तिच्यावर लिहितो.
पेन छान चालतं.
तो ती बॉनेटवर पसरतो, दगड ठेवतो एका कोपऱ्यावर.
खाली चार बोटं जागा उरली आहे.
"तारीख परत सांग."
लेक सांगते. वेळही सांगते.
तो लिहितो, आकडे जरा तिरपे.
"त्यांना कळवू?"
"कळव. झाड होतं म्हणावं.
आणि लिही की तुझ्या आईला
यंत्राबरोबरच ऐकू आलं होतं."

वारा फिरतो. फोनमध्ये नुसती खरखर,
मग फार लांबून,
आता?
आता?